नखाचं मूळ शाबूत असेल तर : तुटलेलं बोट पुन्हा वाढतं का?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही एकाच धाग्याचे आहेत, म्हणून उत्तर एकत्रच देतो. पहिला लेकीचा. चार वर्षांच्या मुलीची अनामिका दाराच्या बिजागरीत सापडली आणि पुढचं टोक अर्ध्या नखासकट गेलं. तुकड्याचा चेंदामेंदा झाला होता, जोडण्यासारखा नव्हता. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत, नुसतं ड्रेसिंग बांधलं आणि "बोट आपोआप भरून येईल" म्हणून घरी पाठवलं. सासरे म्हणाले, "माणसाचं बोट उगवायला ती काय पाल आहे?" आणि तेव्हापासून तुमच्या डोळ्याला डोळा नाही. दुसरा प्रश्न दिरांचा. तीन महिन्यांपूर्वी कडबा कुट्टीत त्यांची दोन बोटं गेली. तर्जनी वाचली, तिची नस शिवलीय, पण ती अजून बधिर आहे. आता कुणीतरी सांगितलंय की स्टेम सेलची, म्हणजे राखीव पेशींची, इंजेक्शनं घेतली तर गेलेली बोटंसुद्धा परत येतात, आणि त्यासाठी तुम्ही बागेवर कर्ज काढायच्या विचारात आहात.

मी गेली २६ वर्षं सांगली-मिरजेत हाताच्या जखमा आणि भाजलेले पेशंट बघतोय. लेकीच्या बाबतीत तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. दिरांच्या इंजेक्शनला एक रुपयाही देऊ नका. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण "डॉक्टर म्हणाले" एवढ्यावर सासऱ्यांचं समाधान होणार नाही आणि त्यांनी समाधान मानावं असं मलाही वाटत नाही. त्यांचा प्रश्न चांगला आहे.

तुम्ही लिहिलंय की नखाचा मागचा भाग, जो कातडीत शिरतो, तो जाग्यावर आहे. सगळं तिथेच आहे. नखाच्या मुळाच्या पुढे बोट तुटलं असेल आणि मूल लहान असेल, तर ते टोक पुन्हा तयार होतं. गेलेल्या मासाच्या जागी वणाचा गठ्ठा येतो असं नाही. पुढची गादी येते, नख येतं, स्पर्श येतो, पुष्कळदा बोटावरच्या बारीक रेषाही येतात. अट एकच, जखम ओलसर आणि झाकलेली राहिली पाहिजे आणि कुणी तिथे घाईने शिवणकाम करता कामा नये.

पुढचे काही आठवडे काय दिसेल ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. पारदर्शक पट्टीखाली पहिल्या आठवड्यात तपकिरी, दाट पाणी साचेल. त्याला वास येईल, आणि वास चांगलाच उग्र असतो. घरातली माणसं म्हणतील पू झाला. पोरीला ताप नसेल, लाली बोटावरून हाताकडे चढत नसेल, ठणका वाढत नसेल, तर तो पू नाही. त्या पाण्यातच जखम भरत असते. ते पुसून जखम वाऱ्यावर सुकवायची इच्छा होईल, तसं करू नका. आठवड्याला एकदा ड्रेसिंग बदलायचं, तेही डॉक्टरांकडेच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लालभडक, दाणेदार मांस चढलेलं दिसेल, डाळिंबाच्या दाण्यांसारखं. मग कडेची कातडी त्याच्यावर सरकायला लागते आणि बोथट टोकाला हळूहळू गोलाई येते. चार ते सहा आठवड्यांत जखम बंद होते. नखाला त्याहून जास्त वेळ लागतो. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, तेव्हा पूर्ण नख दिसायला तीन-चार महिने धरा. धनुर्वाताची लस झाली नसेल तर आजच घ्या. आणि ताप, चढती लाली किंवा मनगटाकडे जाणारी लाल रेघ दिसली, तर ड्रेसिंगचा दिवस येईपर्यंत थांबू नका.

मी शिकत होतो तेव्हा असं करत नसत. बोटाचं टोक तुटलं की पुढे आलेलं हाड कातरायचं, कातडी ओढून घ्यायची आणि तीन टाके. दहा मिनिटांचं काम, आणि दिसायला स्वच्छ. मीही अशी बरीच बोटं शिवली. त्यातला एक मुलगा बारा वर्षांनी दुसऱ्याच कारणासाठी माझ्याकडे आला. त्याचं मधलं बोट मी ओळखलं, कारण टाक्यांची पद्धत माझी होती. बोट आखूड होतं, नख पुढे पोपटाच्या चोचीसारखं खाली वाकलेलं, आणि थंडीत त्या टोकाला काही लागलं की त्याचा जीव जायचा. मी शिवलं नसतं, तर कदाचित ते बोट धड राहिलं असतं. त्यानंतर लहान मुलाच्या बोटाला हात लावायच्या आधी मी नखाचं मूळ बघतो.

हे काही माझं एकट्याचं मत नाही. १९७४ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डच्या डॉ. सिंथिया इलिंगवर्थ यांनी दारात बोटं सापडलेल्या मुलांबद्दल लिहिलं. नुसतं ड्रेसिंग करून सोडलेल्या लहान मुलांची बोटं, पुढच्या पेरातून तुटलेली असतील तर, नखासकट पुन्हा वाढतात, हे त्यांनी नोंदवलं. सर्जन मंडळींना ते पचायला वेळ लागला. पुढे उंदरांवर काम झालं. उंदराच्या बोटाचं टोकही असंच वाढतं, पण नखाच्या मुळाच्या मागे कापलं तर वाढत नाही. का, ते २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या मायुमी इतो यांच्या गटाने दाखवलं. नखाच्या मुळात राखीव पेशी असतात. त्या रोज नख बनवतात ते आपल्याला दिसतं. बोट तुटलं की त्याच भागातून रासायनिक निरोप जातात, नसांचे धागे तिकडे ओढले जातात आणि हाड व मांस बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. निरोप धाडणारं ठाणंच गेलं, तर खालच्या पेशी नुसती जखम बुजवून मोकळ्या होतात.

सासऱ्यांना हे द्राक्षाच्या भाषेत सांगा. एप्रिलच्या खरड छाटणीत तुम्ही ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, डोळा (फुटव्याची जागा) राखून काडी कापता. डोळा राहिला तर नवी काडी येते. डोळ्यासकट खरवडलं तर ओलांडा तिथे मुका राहतो, मग खत घाला नाहीतर पाणी सोडा. उसाच्या खोडव्याचं तेच. ऊस तुटून गेला की शेतकरी बुडखे जमिनीलगत छाटतो, म्हणजे जमिनीखालचे डोळे फुटतात आणि कोंब जोमदार येतो. वर पाचटाचं आच्छादन ठेवलं की ओल टिकते. पाचट जाळलं तर ओल जाते. आम्ही बोटावर पारदर्शक पट्टी लावतो ती याच कामासाठी. उसाला आणि बोटाला दोघांनाही आपण पेर म्हणतो, आणि मला ते फार आवडतं. पण एक फरक सांगायलाच हवा. वनस्पतीला वाढीचे डोळे अंगभर असतात. आपल्याला ते मोजक्या जागीच उरलेत, आणि कुठे उरलेत हे माहीत असणं म्हणजे माझा निम्मा धंदा आहे.

आता पाल. सासऱ्यांना वाटतं पालीची शेपटी हा पुनर्निर्मितीचा कळस आहे. त्यांना सांगा, ट्यूबलाइटशेजारी बसलेल्या पालीची शेपटी एकदा नीट बघा. मध्येच कुठेतरी रंग बदलतो, खवल्यांची नक्षी मोडते, पुढचा भाग गुळगुळीत आणि थोडा जाडसर दिसतो. तिथून पुढची शेपटी नवी. मूळ शेपटीत मणके असतात, आणि मणक्यात मोडायची जागा आधीच आखलेली असते. पाल तिथे स्नायू आवळून शेपटी सोडते, आणि तुटलेला तुकडा वळवळत मांजराचं लक्ष वेधतो. नव्या शेपटीत मणके येत नाहीत. तिथे कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक सरळ नळी येते. त्या नळीत मोडायच्या जागा नसतात, म्हणून पुन्हा वेळ आली तर पालीला उरलेल्या जुन्या भागातूनच शेपटी सोडावी लागते. जीव वाचवायला ती पुरेशी आहे, पण ती मूळची शेपटी नव्हे. आणि पाय तुटला तर पालीलाही तो परत मिळत नाही. तुमच्या लेकीचं बोट त्या शेपटीपेक्षा जास्त हुबेहूब येणार आहे.

खरा कळस मेक्सिकोत आहे. मेक्सिको शहराजवळ सोचिमिल्को नावाच्या कालव्यांमध्ये ॲक्सोलॉटल नावाचा प्राणी राहतो. बेडकाच्या नात्यातला, आयुष्यभर पाण्यात राहणारा, गळ्याशी पिसांसारखे कल्ले असलेला. त्याचा पाय खांद्यापासून कापला, तर हाडं, स्नायू, नसा, बोटं, सगळ्यासकट नवा पाय येतो. कोवळ्या प्राण्यात याला दोन-तीन महिने पुरतात.

हे कसं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलंय, कारण माझ्या टेबलावर रोज याच्या उलटं घडतं. पाय कापल्यावर काही तासांतच कडेची कातडी जखमेवर सरकते आणि ती बंद करते. आपल्याकडे त्या जागी जाड खपली असते आणि खाली वण विणायला सुरुवात झालेली असते. ॲक्सोलॉटलमध्ये ती पातळ कातडी जाड होऊन टोपीसारखी बसते आणि खालच्या पेशींना निरोप देऊ लागते. मग हाडाजवळच्या, स्नायूतल्या, कातडीखालच्या पेशी आपापलं रोजचं काम सोडून टोकाशी गोळा होतात आणि वाढतात. कोंब फुटावा तसा एक उंचवटा तयार होतो. शास्त्रज्ञ त्याला ब्लास्टेमा म्हणतात, मी कोंबच म्हणेन. पूर्वी वाटायचं की या कोंबातल्या पेशी सगळं विसरून कोऱ्या होतात आणि काहीही बनू शकतात. २००९ मध्ये एली तनाका यांच्या गटाने पेशींना चमकतं रंगद्रव्य देऊन त्यांचा माग काढला, तेव्हा कळलं की त्या विसरत नाहीत. स्नायूकडून आलेली पेशी स्नायूच बनवते, नसेभोवतालची नसेभोवतीच जाते. पेशींना जागेचाही ठावठिकाणा असतो. मनगटात कापलं तर फक्त पंजा येतो, दंडात कापलं तर कोपरापासून पुढे सगळं येतं. कुठून सुरू करायचं हे बुंध्याला ठाऊक असतं.

त्यात दोन गोष्टी माझ्या कामाच्या आहेत. एक म्हणजे नसा. मार्कस सिंगर नावाच्या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यात दाखवलं की अशा प्राण्यांच्या पायाच्या नसा कापून टाकल्या तर कोंब वाढतच नाही. किती नसा शिल्लक आहेत यावर वाढ ठरते. दुसरी गोष्ट मॅक्रोफेज, म्हणजे जखमेतला कचरा खाऊन साफ करणाऱ्या पेशी. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात त्या पेशी काढून टाकून पाय कापून बघितला. ॲक्सोलॉटललासुद्धा पाय आला नाही, आपल्यासारखा वण आला. त्या पेशी परत भरल्यावर आणि पुन्हा कापल्यावर पाय आला. म्हणजे वण पडणार की अवयव येणार, याचा फैसला जखमेच्या पहिल्या काही दिवसांत, साफसफाई करणाऱ्या पेशींच्या हाताखाली होतो. हे वाचल्यापासून मी जखम धुण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. आपला जिल्हा हळदीचा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जखमांत हळद कोंबलेली असते, कधी चहा पावडर, कधी चुना, एकदा तर रॉकेलची चिंधी. हळदीचा कुणी अपमान करत नाही, पण उघड्या जखमेत कोंबलेली पूड म्हणजे बाहेरचा कचरा. तो काढताना जिवंत पेशी खरवडल्या जातात. आणि त्याच पेशींच्या भरवशावर पुढचं सगळं असतं. स्वच्छ वाहतं पाणी, स्वच्छ कापड, हलका दाब, आणि दवाखाना.

माणसात डोळे कुठे उरलेत, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गुऱ्हाळावर बघायला मिळतं. काहिलीतला उकळता रस पायावर सांडून भाजलेला एक गुळव्या मागे माझ्याकडे होता, शिराळ्याकडचा. एका पायावर नडगीला भाजलं होतं ते वरवर, पावलाला खोल. दहाव्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तेव्हा नडगीच्या लाल जखमेवर मोहरीएवढे फिकट ठिपके दिसत होते, शेकडो. तो म्हणाला, "डॉक्टर, बुरशी आली." ती नवी कातडी होती. प्रत्येक ठिपका म्हणजे एका केसाचं मूळ. वरची कातडी जळाली तरी केसाचं आणि घामाच्या ग्रंथीचं मूळ खोलवर असतं, आणि त्यात राखीव पेशी असतात. त्या वर चढतात, ठिपका पसरतो, शेजारच्याला भिडतो. पुढच्या आठवडाभरात नडगी झाकली गेली. पावलावर एकही ठिपका नव्हता, कारण तिथे मुळंच जळाली होती. तिथे कातडी फक्त कडेने येऊ शकते, आणि तोवर खालचा वण आकसत जातो, बोटं ओढून घेतो. म्हणून तिथे आम्ही मांडीची पातळ कातडी काढून लावली. मांडीची जागा दोन आठवड्यांत पुन्हा भरली, कारण कातडी काढताना आम्ही मुद्दाम मुळं मागे ठेवतो. त्याच मांडीवरून पुन्हा कातडी घेता येते. आम्ही याला ग्राफ्ट म्हणतो, पण तो मांडीचा खोडवाच आहे.

(भाजल्यावर पहिली २० मिनिटं नळाचं साधं पाणी. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फही नको.)

मग आपण वण का पाडतो? मी वणाला शत्रू मानत नाही. वण म्हणजे घाईने घातलेला बांध. रक्त थांबतं, जंतू बाहेर राहतात, माणूस लवकर उभा राहतो. रानात जखमी झालेल्या, गरम रक्ताच्या प्राण्याला दोन महिने उघडा कोंब घेऊन बसणं परवडणारं नव्हतं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या पेशींना मनमानी वाढू न देणारे लगाम कॅन्सरपासूनही वाचवतात, आणि त्याची किंमत अशी मोजावी लागत असावी. वणाचं कापड मूळच्या कातडीइतकं मजबूत कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत जातं. पण कला आपण पूर्ण विसरलेलो नाही. गर्भातल्या बाळाची कातडी, साधारण २४ आठवड्यांच्या आधी जखम झाली तर, वण न ठेवता भरते. एक दिवसाच्या उंदराच्या पिलाचं हृदय कापलेला तुकडा भरून काढतं, आणि आठवडाभरात ती ताकद जाते. हे २०११ मधलं काम आहे. झेब्राफिश नावाचा, भारतातल्याच ओढ्या-नाल्यांतला बोटभर मासा आयुष्यभर हृदय दुरुस्त करू शकतो.

आणि आपल्या चांदोलीच्या जंगलातलं सांबर? नराची शिंगं गळून पडतात आणि नवी येतात. हाड, कातडी, रक्तवाहिन्या, नसा, सगळं नव्याने. शिंग गळतं तिथे कपाळावर हाडाचा बुंधा राहतो, आणि त्या बुंध्याच्या आवरणात राखीव पेशी असतात. सस्तन प्राण्यात एवढा मोठा अवयव पुन्हा पुन्हा उगवण्याचं दुसरं उदाहरण नाही. चांदोलीत वाढलेल्यांना हे नवल वाटत नाही, मला दर वेळी वाटतं.

आपल्या आतल्या अवयवांबद्दल थोडक्यात. रक्त अस्थिमज्जेत सतत बनतं आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. मोडलेलं हाड वण न ठेवता जुळतं, काही वर्षांनी एक्स-रेत जागा सापडत नाही. यकृत देणाऱ्या माणसाचं निम्म्याहून जास्त यकृत काढलं तरी उरलेलं काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढं होतं. गेलेला भाग मात्र उगवत नाही, राहिलेला भागच फुगतो आणि काम उचलतो. हृदयाच्या स्नायूपेशी तरुणपणी वर्षाला १ टक्का बदलतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्याने. हार्ट ॲटॅकनंतर तिथे वणच राहतो तो यामुळे.

आता दीर. त्यांना हे वाचून दाखवा. दादा, गेलेली दोन बोटं परत येणार नाहीत. ती मुळापासून गेलीत, नखाच्या कितीतरी मागे, आणि त्या जागी निरोप धाडणारं काही शिल्लक नाही. स्टेम सेल हा शब्द खरा आहे, त्यावर चाललेलं कामही खरं आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांना २०१२ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. जर्मनीत एका सात वर्षांच्या मुलाची जवळजवळ ८० टक्के कातडी, त्याच्याच पेशींत जनुक दुरुस्त करून, प्रयोगशाळेत वाढवून बसवली गेली, ते २०१७ मध्ये जाहीर झालं. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रौढ बेडकाच्या कापलेल्या पायावर पाच औषधांची टोपी फक्त २४ तास ठेवली, आणि पुढच्या १८ महिन्यांत पायासारखं काहीतरी वाढलं, बोटांच्या सुरुवातीसकट. मला यातून खूप आशा वाटते. पण माणसाचं आख्खं बोट आजपर्यंत जगात कुठेही, कुणीही, कितीही पैसे घेऊन उगवलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नियमावली सांगते की रक्ताच्या ठरावीक आजारांत केलेलं अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा इतर वापर अजून संशोधनात मोडतो. संशोधनात भाग घेणाऱ्या पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे जो पैसे मागतोय, त्याच्याकडे संशोधनही नाही आणि उपचारही नाही. त्या पैशात चांगला फिजिओथेरपिस्ट वर्षभर मिळेल, आणि हातात पकड येईल. पायाचं बोट हाताला लावायचं ऑपरेशन होतं, पण तुमचा अंगठा शाबूत आहे, तेव्हा मला तरी त्याची गरज दिसत नाही.

पण तुमच्या तर्जनीत सध्या खरीखुरी वाढ चालू आहे, आणि त्याकडे कुणी तुमचं लक्ष वेधलेलं दिसत नाही. नस कापली की तुटलेल्या जागेच्या पुढचा धागा मरतो. त्याची रिकामी नळी मात्र राहते. शिवल्यावर मागचे धागे त्या नळीत शिरतात आणि दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतात. तुमची नस तळहाताच्या मध्यावर शिवलीय. तिथून तर्जनीच्या टोकापर्यंत १२ सेंटीमीटर धरले तर १२० दिवस झाले. शिवाय सुरुवातीचा जवळजवळ महिना नुसता तयारीचा. आज तीन महिने झालेत, म्हणजे धागे अजून वाटेतच आहेत. बधिर आहे म्हणजे ऑपरेशन फसलं असं होत नाही.

ते कुठवर आलेत हे घरी बघता येतं. दुसऱ्या हाताच्या बोटाने तर्जनीवर टोकाकडून तळहाताकडे टिचक्या मारत या. एका जागी मुंग्या येतील, शॉक बसल्यासारखं वाटेल. तिथे धाग्यांचं टोक आहे. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या जखमी सैनिकांवरून टिनेल नावाच्या डॉक्टरने ही खूण सांगितली, आम्ही आजही तीच वापरतो. पेनाने तिथे ठिपका करा, तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, सव्वा-दीड सेंटीमीटर पुढे गेलेली असली पाहिजे. दोन महिने एकाच जागी अडकली, तर मात्र ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा. तोवर त्या बोटाला विडीची आग, चहाचा कप, चुलीची कड यांपासून जपा, भाजलेलं कळणार नाही. आणि विडी सोडा. बारीक रक्तवाहिन्या आवळल्या की वाढ मंदावते, हे मी दर आठवड्याला बघतो.

कुट्टीचं मशीन घरात आहे, म्हणून एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा. कधी कुणाचं बोट तुटलंच, तर तुकडा टाकून देऊ नका आणि थेट बर्फातही घालू नका. बर्फाने तो गोठून निकामी होतो. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. बोटात स्नायू नसतात म्हणून ते असं बरेच तास टिकतं. आख्खा पंजा गेला असेल तर सहा तासांच्या आत पोचायला हवं. आणि त्या मशीनच्या तोंडाला लांब नरसाळं बसवून घ्या, म्हणजे हात पात्यापर्यंत पोचणारच नाही. गावातला वेल्डर तासाभरात करून देईल.

लेकीची जखम पूर्ण बंद झाली की तिला दिरांच्या शेजारी बसवा. एका परातीत शाळू घ्या, त्यात चार बेदाणे, दोन हरभरे आणि एक रुपयाचं नाणं मिसळा. दोघांनी डोळे मिटून शोधायचं, एकाने तर्जनीने, एकीने अनामिकेने. नव्या नसा मेंदूकडे निरोप पाठवतात, पण कुठला निरोप कशाचा हे मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. रोज दहा मिनिटं. सुरुवातीला दादांना बेदाणा आणि शाळू एकच वाटेल. तसं वाटलं तर डोळे उघडून एकदा बघा, हाताळा, आणि मग पुन्हा मिटून शोधा.